अनुजाताईंच्या पोटातला पट्टा

मित्रांनो, मी सिलिकॉनचा एक जुना पट्टा आहे. लालबागच्या अनुजाताईंच्या पोटात, जठराच्या वरच्या भागाला वेढा घालून मी बसलो आहे. आजकाल माझ्यासारखे पट्टे फारसे बसवत नाहीत.

वजनामुळे ताईंना चाळीचा जिना चढवत नसे. मधुमेहही बळावला होता. म्हणून शस्त्रक्रिया करून मला आत बसवले. माझ्यामुळे जठराच्या वरच्या बाजूला एक छोटी पिशवी तयार झाली. थोडे जेवले की ती भरते आणि भूक शमते. कातडीखाली एक छोटी डबी आहे. ती नळीने मला जोडलेली आहे. डॉक्टर तिच्यात सुईने मिठाचे पाणी भरतात, तेव्हा मी आवळतो. पाणी काढले की सैल होतो. पण सगळे श्रेय माझे नाही. ताई बारीक चावून, सावकाश जेवत आणि रोज चालत. वजन उतरू लागले, साखर ताब्यात आली.

यंदा वैशाखात घरी पुतण्याचे, राजसचे, केळवण होते. आदल्याच दिवशी डॉक्टरांनी मला आवळून ताईंना बजावले होते, "दोन दिवस फक्त पातळ घ्या."

ताई वाटीतले सूप पीत होत्या. सासूबाई गंगुबाईंना ते बघवेना.

"गो, नवऱ्यामुलाची काकी तू! एक वडो खा. काय होवचा नाय."

"काकी, केळवण तुझं आहे की माझं? लाजतेस कसली?" राजसने चिडवले. सगळे हसले.

ताईंना नाही म्हणवेना. त्यांनी कोंबडीच्या रश्शात बुडवून वडा घाईघाईने गिळला. तो पिठाळ गोळा थेट माझ्यापाशी येऊन अडकला. ताईंची छाती दाटली, तोंडात लाळ साचू लागली. मी घट्ट आवळलेला, मला हलता येईना!

"पाणी पी, खाली जातला!" गंगुबाईंनी तांब्या पुढे केला.

"आये, पाणी नको! आणखी तुंबेल," ताईंचे पती रघुवीर ओरडले. त्यांनी टॅक्सी थांबवून ताईंना परळच्या इस्पितळात नेले. वाटेत ताईंना उलट्यांचे उमासे येत होते. प्रत्येक उमाशाला मी घसरू लागे. घसरलो असतो, तर मला काढावेच लागले असते.

डॉक्टरांनी डबी चाचपली, सुई टोचली, पाणी ओढून घेतले. मी हळूहळू सैल झालो. घास खाली उतरला. ताईंनी मोठा श्वास घेतला.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे काढून पाहिला. "पट्टा जागेवर आहे," त्या म्हणाल्या, "पण पुन्हा असं झालं तर भरवसा नाही."

बाहेर, मागोमाग आलेल्या गंगुबाई पदराने डोळे पुसत होत्या. "मियाच खाऊक लावलंय गो," त्या म्हणाल्या.

लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन ताईंकडे वळला, तेव्हा गंगुबाईंनीच त्याला अडवले. "पुढे चल रे! तिका काय होया ता ती सांगात."

मित्रांनो, मी पोटात असलो तरी मला जपणारी माणसे बाहेरच आहेत. कोणी ताटावर हात आडवा धरला, तर कारण विचारत बसू नका. वाढायचा चमचा मागे घ्या.