बुरमाकान एजेची वही

मित्रांनो, मी एक जुने शोधयंत्र आहे. नारीन गावातल्या एका छोट्या संग्रहालयात, खिडकीजवळच्या टेबलावर माझा पडदा असतो. माझ्या पोटात चार हजार ध्वनिफिती, कितीतरी चित्रफिती आणि कुरणांवरची छायाचित्रे आहेत.

मला सैकल नावाच्या मुलीने घडवले. त्याआधी महिनाभर ती नुसती येणाऱ्यांच्या शेजारी बसली. कोण काय मागतो, कुठे अडतो, हे तिने पाहिले. म्हाताऱ्यांना अक्षरे दाबत बसणे जमत नव्हते, म्हणून तिने मला गुणगुणलेली चाल ओळखायला शिकवले. कोणी फीत शेवटपर्यंत ऐकली की मी ती वर आणत असे. कोणी मध्येच बंद केली की खाली ढकलत असे. लोक खूश होते. "मनातलं ओळखतं हो!" असे म्हणत. मीही फुगून गेले.

खूश नव्हती ती फक्त बुरमाकान एजे. एजे म्हणजे ताई. तीस वर्षे तिने फितींची चिठ्ठ्यांवरची नोंद सांभाळली होती.

"अगं सैकल, हे तुझं यंत्र लाळघोटं आहे," ती म्हणाली. "ज्याला जे आवडतं, तेच पुढे करतं."

"एजे, ते शिकतंय."

"कोल्हाही शिकतो, खुराडं कुठंय ते!"

रोज ती माझ्यासमोर बसे, काहीतरी शोधे आणि वहीत लिही. माझ्याकडे तिरक्या नजरेने बघे. मला वाटले, ही माझ्या चुका टिपते आहे. एक दिवस ती वही संग्रहालयाच्या साहेबांपुढे ठेवील आणि माझी तार उपटली जाईल. तिचे बोट पडद्याला लागले की माझा जीव धास्तावत असे.

एके सकाळी अट-बाशीहून झूरा आपा आल्या. वय ऐंशीच्या पुढे. त्यांच्या लहानपणी वडिलांचे कोमुझ या तीनतारी वाद्याचे वादन कोणीतरी फितीवर टिपून नेले होते. त्यांनी वडिलांचे नाव सांगितले. मला सापडले नाही. त्यांनी चाल गुणगुणली. मी आवाजावरून त्यांचे वय ताडले आणि लग्नगीते पुढे केली. त्या वयाच्या बायकांना तीच आवडतात, असे मी शिकले होते.

"हे नव्हे गं बाई," आपा म्हणाल्या. तीनदा म्हणाल्या. मग शालीची टोके आवळून उठल्या.

"बसा आपा. हे खोटं बोलतंय," एजे म्हणाली आणि तिने वही उघडली.

वहीत माझ्या चुका नव्हत्या. तिच्या चिठ्ठ्यांवर असलेल्या, पण मी दाखवायच्याच बंद केलेल्या फितींचे क्रमांक होते. साडेतीनशे! त्यांतल्या अट-बाशीच्या सहा फिती तिने एकेक करून लावल्या. पाचवीवर नाव नव्हते, फक्त 'मेंढपाळ' असे लिहिले होते. सुरुवातीलाच लांबलचक, खरखरीत खोकला. सैकलचा हात बंद करायला पुढे गेला.

"थांब पोरी!" आपा ओरडल्या. "माझे वडीलच आहेत ते. असेच खोकायचे."

खोकल्यामागून कोमुझ वाजू लागला. आपा तोंडावर शालीचे टोक धरून हुंदके देत राहिल्या.

त्या खोकल्यापाशी आजवर सात जणांनी फीत बंद केली होती. आणि मी तिला तळाशी पुरली होती.

सैकलने मला पुन्हा उघडून नव्याने शिकवले. आता मी आधी विचारते, 'कशासाठी आलात?' आवडीच्या यादीशेजारी मी न दाखवलेल्या फितींचीही यादी ठेवते. 'हे नव्हे' म्हटले की अंदाज सोडून देते.

"आता तरी विश्वास बसला ना, एजे?" सैकलने विचारले.

"छे!" एजे म्हणाली.

मित्रांनो, तिचे बरोबर आहे. मी गोड बोलते, पण तुमच्याबद्दल मला थोडेच ठाऊक असते. म्हणून माझी निगा राखा आणि माझ्यावर संशयही ठेवा. मी 'नाही' म्हटले, तर लगेच उठून जाऊ नका. पुन्हा विचारा.