एल्डर क्रोशॉची पहिली जर्मन आंघोळ

वेंडेल क्रोशॉ आयडाहोतल्या बटाट्याच्या शेतावर वाढला, पण त्याचं खरं पीक म्हणजे बोलणं. बापाची गाय बिशपच्या अंगणात शिरल्याची हकिगत त्याने चर्चच्या जेवणात सुरू केली की बायका हातातली भांडी तशीच धरून उभ्या राहत. एकोणीस पूर्ण झाल्यावर चर्चच्या रिवाजाप्रमाणे दोन वर्षांच्या धर्मप्रचारासाठी त्याची नेमणूक झाली, तीही जर्मनीत. पत्र वाचून आई म्हणाली, "बिचारे जर्मन! कान किटतील त्यांचे."

झालं भलतंच. यूटातल्या प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात पोचल्यावर त्याला पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर नावाची काळी पाटी मिळाली, आणि बोलती बंद झाली. ओठावर धड मिसरूड नसलेल्या पोरांनी तिथे एकमेकांना 'एल्डर' म्हणायचं, म्हणजे चक्क वडीलधारं. आणि या वडीलधाऱ्यांना जर्मन मात्र तीन वर्षांच्या पोराइतकंही येत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात तो जेवणाच्या टेबलावर हरला. शिक्षक ब्रदर हॅल्वर्सन हा जेमतेम तेवीस वर्षांचा, नुकताच जर्मनीहून परतलेला विद्यार्थी. त्याने समोरची भांडी उचलून दाखवली. जर्मनमध्ये चमचा तो, काटा ती आणि सुरी ते.

"का पण?" क्रोशॉने विचारलं. "सुरीने काय पाप केलंय?"

"काही नाही. ते तसंच असतं."

"आणि मुलगी?"

"तेही ते."

"मुलगी ते? आणि काटा ती? ब्रदर, या लोकांची लग्नं कशी जमतात?"

सगळे हसले, पण ते हसणं इंग्रजीतलं होतं, आणि इंग्रजीचे दिवस भरत आले होते. दुसऱ्या सोमवारपासून उठल्यापासून झोपेपर्यंत फक्त जर्मन, असा नियम लागला.

त्या सोमवारी क्रोशॉ दिवसभरात अकरा शब्द बोलला. त्यातले चार 'बटाटा' होते. मीठ हवं होतं तर त्याने हवेत चिमूट शिंपडून दाखवली, आणि पलीकडच्या एल्डरने त्याला कोंबड्यांना दाणे टाकणारा समजून वाहवा केली.

त्याचा जोडीदार एल्डर फिफिता. सॉल्ट लेकजवळच्या, पॅसिफिक बेटांवरून आलेल्या टोंगन लोकांच्या वस्तीतला, दारातून वाकून शिरणारा, आवाज मात्र सशाचा. जोडीने राहायचं असा नियम, त्यामुळे क्रोशॉ जाईल तिथे हा डोंगर मागे. घरात टोंगन, बाहेर इंग्रजी, त्यामुळे तिसरी भाषा याच्या तोंडात अलगद येऊन बसली होती.

बुधवारी व्यायामशाळेच्या जिन्यात फिफिताने नियम मोडून हळूच इंग्रजीत विचारलं, "एल्डर, बरं नाही का तुला?"

"बरा आहे रे. संपलोय फक्त."

"म्हणजे?"

"घरी मी तोंड उघडलं की लोक हसायचे. इथे तोंड उघडलं की लोक माझी कीव करतात. आईने पाठवलेला माणूस हा नव्हेच, एल्डर. हा कुणीतरी मुका आहे, माझे बूट घालून आलाय."

फिफिता त्याच्या शेजारी पायरीवर टेकला. मग म्हणाला, "उद्या क्रेच्मरबाई आहेत."

ही काही दिलाशाची गोष्ट नव्हती. क्रेच्मरबाई जर्मनीतल्या कासेलच्या, सत्तरीच्या, तरुणपणीच आईबरोबर यूटात येऊन राहिलेल्या. दर गुरुवारी त्या केंद्रात येत आणि धर्माबद्दल काही माहीत नसलेल्या जर्मन शेजारणीची भूमिका करत. पोरांनी दार वाजवायचं, आत जायचं, धडा द्यायचा. मागच्या गटातला एक एल्डर तिथून रडत बाहेर आला होता, म्हणे.

क्रोशॉने रात्रभर घोकून पाच वाक्यं पाठ केली. दार उघडलं. समोर निळ्या स्वेटरमधल्या ठेंगण्या बाई, हाताची घडी घालून.

"नमस्कार!" क्रोशॉ ओरडला. "मी आहे खूश. तू आहेस खूश?"

"तू?" बाईंच्या भुवया चढल्या. "तरुण माणसा, मला 'तुम्ही' म्हणायचं. 'तू' मी फक्त देवाला म्हणते आणि मांजराला."

यातलं त्याला 'मांजर' तेवढं कळलं. पाचही वाक्यं डोक्यातून भुर्रकन उडाली. उरलं एकच, सगळ्यात शेवटचं, प्रार्थनेचं आमंत्रण. जर्मनमध्ये प्रार्थना करणं म्हणजे 'बेटेन' आणि आंघोळ करणं म्हणजे 'बाडेन'. सोफ्यावर टेकत नाही तोच क्रोशॉने बाईंच्या डोळ्यांत बघून, अगदी मनापासून विचारलं,

"आमच्याबरोबर आंघोळ कराल?"

फिफिताचे कान लाल झाले.

बाईंनी आधी क्रोशॉकडे पाहिलं, मग फिफिताकडे, वरपासून खालपर्यंत. "दोघांबरोबर? एकदम?"

"हो!" क्रोशॉ उत्साहाने म्हणाला. "रोज! सकाळी आणि रात्री!"

बाईंनी तोंडावर रुमाल धरला. फिफिताने वाकून त्याच्या कानात दोन शब्द सांगितले. क्रोशॉचा चेहरा आधी पांढरा पडला, मग बिटासारखा लाल झाला. दार कुठे आहे ते त्याने एकदा पाहिलं. आणि मग त्याच्या आतला जुना वेंडेल, गायीची हकिगत सांगणारा, चार मोडक्या शब्दांची काठी घेऊन उठला.

"माफ करा," तो म्हणाला. "नाही आंघोळ. फिफिता मोठी. पाणीला जागा नाही."

क्रेच्मरबाई अशा हसल्या की चष्मा मांडीत पडला. फिफिता हसला, त्याने सोफा हलला. दाराबाहेर ब्रदर हॅल्वर्सन कानोसा घेत उभा होता, तो घाबरून आत डोकावला आणि बाईंनी हाताने त्याला हुसकून लावलं.

हसू ओसरल्यावर डोळे पुसत त्या म्हणाल्या, "बरं. आता करा. प्रार्थना."

पाठ केलेली प्रार्थना केव्हाच हरवली होती. क्रोशॉने मान खाली घातली आणि जे होतं ते वेचलं. "बाप. धन्यवाद. माझा आईसाठी धन्यवाद."

"माझ्या," बाई डोळे मिटूनच पुटपुटल्या.

"माझ्या आईसाठी. आमचा गायसाठी."

"आमच्या गायीसाठी."

"बटाट्यासाठी. ही बाईसाठी, बाई हसली. मी घाबरलो, बाप. आता थोडा कमी. आमेन."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग उठून त्यांनी दार उघडलं आणि हॅल्वर्सनला सांगितलं, "याचं व्याकरण म्हणजे भूकंप आहे. पुढच्या गुरुवारी याच दोघांना पाठव."

त्या दिवसापासून क्रोशॉ बोलायला लागला, चुकीचं, मोठ्याने आणि न थांबता. पहाटे दात घासतानाही. शेजारच्या खोलीतल्या एल्डरांनी तक्रार केली. फिफिता म्हणाला, "सोमवारचा मुका बरा होता," पण हे तो जर्मनमध्ये म्हणाला आणि क्रोशॉला पूर्ण कळलं, म्हणून उशी फेकून मारण्यात आली.

जर्मनीला निघण्याआधीच्या गुरुवारी बाईंनी शेजारणीचं सोंग सोडून धर्मात वर्ज्य म्हणून कॉफीविना केक खाऊ घातला आणि स्वतःची हकिगत सांगितली. दुसऱ्या महायुद्धानंतर कासेलला त्यांच्या दारात असेच दोन अमेरिकन पोरगे आले होते. बाप्तिस्मा द्यायला आलोय, असं म्हणायचं होतं त्यांना, पण 'टाउफेन' म्हणजे बाप्तिस्मा देणं आणि 'फेरकाउफेन' म्हणजे विकणं, यात गल्लत झाली. म्हणाले, बाई, आम्ही तुम्हाला विकायला आलोय.

"मग?" क्रोशॉने विचारलं.

"आई म्हणाली, आत या. मला कोण घेतंय ते मलाही बघायचंय."

क्रोशॉ पोट धरून हसला. फिफिता अजून केक चावत होता. बाईंनी एका कागदावर कासेलच्या बहिणीचा पत्ता लिहून दिला आणि बजावलं, "घंटा दोनदा वाजवा, तिला कमी ऐकू येतं. आणि आंघोळीचं विचारू नका, ती हो म्हणेल."