क्रेनवाल्याची झोप

“अहो, पाय उचला की जरा! फिरायला निघालोय आपण, मिरवणुकीत नाही,” मी मागे वळून ओरडले.

हे आपले एकेक पाऊल तोलत, सावकाश. सगळी उमर कारखान्यात क्रेन चालवली. टांगलेलं लोखंड झुलता कामा नये, म्हणून हळूच सुटायचं नि हळूच थांबायचं. ती सवय हातातून पायांत उतरली होती.

“एकदम चाललं की झुलतं गं,” हे म्हणाले.

“काय झुलतंय? पोट सोडलं तर दुसरं काही लटकत नाहीये तुमचं!”

हसले नाहीत. हसायचे दिवसच नव्हते ते. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता, दिवसभर अंग आंबलेलं, आणि क्रेनच्या शिडीवर अर्ध्यातच धाप लागायची. फोरमनने ते हेरलं. दोन महिन्यांत न थांबता वर चढून दाखवा, नाहीतर खाली गेटवर बसा, म्हणाला. गेटवर बसवलं असतं तर हे आतून मोडले असते, आणि मला ते बघवलं नसतं.

कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. हृदय ठणठणीत. मी झोपेच्या गोळीचं नाव काढताच माझ्यावरच उखडल्या, “गोळी देऊन क्रेनवर चढवता का त्यांना?” रोज भरभर चाला, म्हणाल्या. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतकं भरभर. आता हे बसल्या जागीसुद्धा बोलत नाहीत, तेव्हा बोलण्याचं काम माझ्याकडे आलं. ते काही मला जड नव्हतं.

पण चाल काही वाढेना. शेवटी मी भाऊजींना गाठलं. भाऊजी म्हणजे यांचे मित्र, क्रेनखाली उभं राहून यांना हाताने खुणा करणारे. त्यांच्याकडून एक खूण शिकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी भर रस्त्यात यांच्यापुढे उभी राहून केली. तिचा अर्थ, हूक रिकामा आहे, जाऊ द्या जोरात!

हे बघतच राहिले. मग खो खो हसले आणि असे सुटले की मलाच धावावं लागलं.

झोप काही लगेच आली नाही. उलट पाय दुखतात म्हणून आणखी जागरण. पण रोज चालत राहिलो, आणि एका सकाळी गजर बोंबलला तरी हे हलेनात. नाकाशी बोट धरलं, तर हे चक्क घोरत होते! इतकं गोड घोरणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

शिडी चढून दाखवायच्या दिवशी हे दुपारी घरी आले.

“काय झालं हो?”

“थांब गं, जरा पाठ टेकतो.” आणि टेकली तशी झोपलेच.

आता काय करावं! खांद्याकडे गेलेला हात मागे घेतला. जमलं नसेल, सांगवत नसेल, असंही वाटून गेलं. जीव नुसता टांगणीला लागला. पण इतक्या दिवसांनी लागलेली झोप मोडायची माझी छाती होईना.

तेवढ्यात भाऊजी दारात. मी ओठांवर बोट ठेवलं.

“वहिनी, याचा डबा,” ते कुजबुजले. “वर केबिनमध्येच विसरला.”

“वर?”

“वर म्हणजे वरच! मधे कुठे टेकला नाही गडी. वर बघून बघून फोरमनचीच मान धरली.”

मी तोंडावर हात दाबला. भाऊजी गेल्यावर कडी न वाजवता दार लावलं आणि डबा पोटाशी धरून तिथेच खाली बसले.