चौदा पूर्णांक नऊ

मित्रांनो, तुमच्यातल्या काहींच्याच वयाचा आहे मी, पंधरा वर्षांचा. पण गाडीच्या जगात पंधरा म्हणजे म्हातारपण. स्टिअरिंगच्या मागे काचेआड आकड्यांची चार छोटी चाकं दिसतात आणि शेजारी एक काळं बटण, बघितलंय कधी? तोच मी. ट्रिप मीटर. गाडी चालली की माझे आकडे पुढे सरकतात, बटण दाबलं की सगळे शून्य. मग पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. असा धंदा आहे माझा.

माझ्या डोक्यावर मोठा मीटर बसतो. गाडी जन्मल्यापासूनचे सगळे किलोमीटर त्याच्याकडे जमा. त्याला कोणी शून्यावर आणू शकत नाही, म्हणून तो जरा ताठ्यात असतो. डावीकडे पेट्रोलचा काटा. स्वभावाने वाईट नाही, पण शब्दाचा पक्का नाही. गाडी चढावर असली तर एक सांगेल, उतारावर दुसरं.

एका कारखान्यात एका ताईंनी मला बसवलं, बटण दोनदा दाबून पाहिलं, मान हलवली आणि पुढचा मीटर उचलला. माझ्या बारशाचा सोहळा एवढाच. मग गाडी नवी मुंबईत आली, नेरूळच्या एका सोसायटीत, सुधीररावांच्या घरी. त्यांच्या बायकोने, वैजयंतीताईंनी, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी सुधीररावांनी बटण दाबलं आणि माझे चांगले दिवस सुरू झाले.

सुधीररावांचं गाव साताऱ्याकडे. निघताना ते मला शून्य करायचे. मागच्या सीटवरून छोटा निखिल दर दहा मिनिटांनी विचारायचा, "बाबा, किती झाले?" सुधीरराव म्हणायचे, "मीटरला विचार, मी कामात आहे." मग तो पोरगा पुढे झुकून माझ्यावरचा आकडा मोठ्याने वाचायचा. त्याला अंकओळख मी करून दिली असं मी म्हटलं, तर त्यात फार खोटं नाही.

मग घरात नवे फोन आले. कुठून कुठे किती किलोमीटर, ते फोनच सांगायला लागला, तेही गोड आवाजात. निखिल मोठा झाला आणि नोकरीला बंगळूरला गेला. माझं बटण दाबायला कोणाचं बोट येईना. मी मोजत राहिलो. नऊशे नव्व्याण्णवच्या पुढे मला जाता येत नाही, तिथे आपोआप शून्य होतो. असा मी कितीदा भरलो आणि कितीदा रिकामा झालो, कोणालाच ठाऊक नाही. कामाची दखल नसली तरी काम चुकत नाही, एवढं मला तेव्हा कळलं.

वैजयंतीताई घरी शिवणकाम करतात. एकावन्नाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या, त्याला कारण त्यांची आई. आई मोऱ्याला राहतात, उरणच्या पुढे, जेट्टीपासून जवळच. ताईंचे वडील त्या जेट्टीवर लाँचच्या तिकीट खिडकीवर असायचे. आता ते नाहीत आणि आईंचे गुडघेही गेले, चार पावलं टाकवत नाहीत. म्हणून दर गुरुवारी ताई गाडी घेऊन जायच्या, आईंना पुढच्या सीटवर बसवायच्या आणि बंदरावर नेऊन काच खाली करायच्या. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून येणारी लाँच दिसली की आई म्हणायच्या, "आली बघ. पाच मिनिटं उशीर." आईंच्या आठवड्यातला घराबाहेरचा असा तो एकच तास, संध्याकाळचा.

गेल्या गणपतीनंतर मात्र गाडीत भांडण झालं. भांडण म्हणजे काय, सुधीररावांनी काट्याकडे बघितलं आणि सुस्कारा टाकला.

"पाचशेचं टाकलं होतं सोमवारी. बघ, काटा कुठं आला."

"मग मी काय प्यायले का ते?" ताई म्हणाल्या.

"तसं नाही गं. पण आधी ही गाडी लिटरला सतराचं ॲव्हरेज द्यायची. तू चालवायला लागलीस आणि बारावर आली. जानेवारीत पंधरा वर्षं होतात, आरटीओत पुन्हा पासिंग करून घ्यायला लागणार. त्यापेक्षा काढून टाकू. आता उरणला ट्रेन जाते, तिने जा आईंकडे."

"ट्रेनने मी जाईन. आईला बंदरावर कोण नेणार, ट्रेन?"

सुधीररावांनी पुन्हा काट्याकडे बघितलं. मग ते म्हणाले, "बरं. पासिंगच्या आधीच्या शेवटच्या टाकीला पंधराचं ॲव्हरेज पडलं, तर ठेवू."

मित्रांनो, मी मीटर आहे, मला किलोमीटर कळतात, पेट्रोल कळत नाही. पण एवढं मलाही समजत होतं की सुधीररावांचं ते सतरा आणि ते बारा, दोन्ही अंदाजपंचे होतं. पाचशेचं टाकायचं, काट्याकडे बघायचं आणि आकडा सांगायचा. आणि काटा कसा आहे ते मी तुम्हाला सांगितलंच.

दुसऱ्या दिवशी ताई एकट्या पंपावर आल्या. तिथे नंदिनी नावाची मुलगी पेट्रोल भरते. बोलायला तिखट, हाताला पक्की.

"ॲव्हरेज काढायचंय?" ती म्हणाली. "मग पाचशेचं नका सांगू, काकू. टाकी फुल करा. नळी आपोआप कट होते, त्या पहिल्या कटला थांबायचं. राउंड फिगर करायला वरून अजून ओतायचं नाही. मग मीटर शून्य करा. पुढच्या वेळी इथंच, परत फुल, परत पहिला कट. जेवढं मावेल तेवढं तुम्ही जाळलं. किलोमीटरला त्याने भागा."

"एवढंच?"

"एवढंच. पण लोकांना राउंड फिगर लागते ना."

ताईंनी पर्समधून ब्लाउजची मापं लिहायची छोटी डायरी काढली. मग त्यांचं बोट माझ्या बटणावर आलं. किती वर्षांनी. बोटावर सुई टोचल्याच्या बारीक खुणा होत्या. मी शून्य झालो, आणि खरं सांगतो, इतकं हलकं मला कारखान्यातही वाटलं नव्हतं.

पहिली टाकी संपत आली तेव्हा मी दोनशे अठ्ठ्याण्णव दाखवत होतो, आणि पेट्रोल बसलं चोवीस लिटर. ताईंनी मनातच भागाकार केला आणि त्यांचा चेहरा पडला. बारा पूर्णांक चार. म्हणजे सुधीररावांचा अंदाज चुकतमाकत बरोबर निघाला होता. ताईंनी डायरी उघडली आणि दोनच्या जागी तीन लिहिला.

तीनशे अठ्ठ्याण्णव केलं असतं तर साडेसोळा पडत होते. बघायला तिथे होतं कोण? मी होतो. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मला बोलता येत नाही, मी फक्त दोनशे अठ्ठ्याण्णव दाखवू शकतो, तेवढं दाखवत राहिलो. ताईंनी पेन उचललं, तो तीन खोडला आणि शेजारी खरा आकडा लिहिला.

तिथून त्या गेल्या सारसोळ्याच्या नाक्यावर, सितारामच्या टायरच्या दुकानात. सितारामने चारही चाकांची हवा बघितली. "ताई, तीसच्या जागी बावीस हाय. रुतल्यासारखी चालते गाडी. पंधरा दिवसांनी या, सकाळी, टायर गार असताना." मग त्याने डिकी उघडली आणि कमरेवर हात ठेवले. आत गावाहून आलेलं तांदळाचं अर्धं पोतं, गणपतीचं लाकडी मखर आणि एक दगडी पाटा-वरवंटा. तो पाटा सुधीररावांच्या बहिणीला द्यायचा होता. दोन वर्षं तो नेरूळ-उरण हिंडत होता.

"याला पण बंदर दाखवता काय?" सिताराम म्हणाला.

मग तो शेजारी बसून एक चक्कर मारून आला, आणि परत आल्यावर त्याने खरं दुखणं सांगितलं. "ताई, शिवणयंत्र चालवता का तुमी?"

"हो. तुला कसं कळलं?"

"डावा पाय क्लचवरनं उठतच नाय तुमचा. मशीनच्या पायट्यावर ठेवल्यागत ठेवलाय. गियर टाकला की पाय काढायचा. मशीन नाय ही."

तीस वर्षांची पायाची सवय ती. ताईंनी तिला मोडायला तीन गुरुवार घेतले. जेएनपीटीच्या मालबंदराकडच्या रस्त्यावर कंटेनरचा ट्रक आडवा आला की पाय आपसूक जाऊन बसायचा, मग त्या स्वतःलाच म्हणायच्या, "उचल गं बाई." लांबून लाल सिग्नल दिसला की त्या आधीच ॲक्सिलेटर सोडायला शिकल्या. डिकीही रिकामी झाली होती, दुसऱ्या टाकीला सव्वाचौदा पडले. नोव्हेंबरात सुधीरराव पुतणीच्या लग्नाला बारा दिवस एसटीने गावी गेले, तेव्हाच्या टाकीला चक्क सोळा. ते परत आले आणि आकडा पुन्हा चौदाच्या खाली. ताईंनी डायरीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि डायरी पर्समध्ये ठेवली.

रविवारी दोघं दिवाळे गावी मासळी घ्यायला गेले. हा यांचा नेमच. ताई उतरून बाजारात जायच्या, सुधीरराव गाडीत बसायचे. इंजिन चालू, एसी चालू, रेडिओवर जुनी गाणी. ताईंना घासाघीस करायला चाळीस मिनिटं लागतात. मित्रांनो, त्या चाळीस मिनिटांत माझा एकही आकडा हलायचा नाही. शेजारच्या काट्याला मात्र घाम फुटायचा. जे पेट्रोल जागच्या जागी जळतं, ते माझ्या कोणत्याच चाकावर दिसत नाही. माझं सगळ्यात मोठं दुःख ते हेच.

त्या दिवशी ताई बोंबलांची पिशवी घेऊन आल्या आणि दारापाशी थांबल्या. खाली बघत होत्या.

"हे पाणी कसलं गाडीखाली?"

"एसीचं गळतं."

"एवढं तळं? कधीपासून चालू आहे?"

"तू गेल्यापासून. उकडतं गं."

ताई आत बसल्या, पिशवी पायाशी ठेवली आणि डायरी त्यांच्या हातात दिली. सुधीररावांनी चष्मा चढवला. पानं उलटली. बारा, चौदा, सोळा, पुन्हा चौदाच्या खाली. ते गावी गेल्याच्या तारखा त्यांना स्वतःलाच सापडल्या. मग पहिल्या पानावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हा तीन कसला खोडलाय?"

"खोटा होता. लिहिला, मग खोडला."

सुधीररावांनी त्या खोडलेल्या तीनवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं. गाडीत एकदम बाहेरचे आवाज आले, कोळणींचे, कावळ्यांचे.

"संध्याकाळचं पण असतं," ते म्हणाले. "ऑफिसातून आल्यावर. खाली पार्किंगमध्ये अर्धा तास बसतो मी. एसी लावून."

"रोज?"

"जवळजवळ. वर तुझी मशीन असते, टीव्ही असतो. इथं गाणी ऐकता येतात जरा."

"मला वाटायचं ट्रॅफिक लागतं तुम्हाला," ताई म्हणाल्या. मग पदराने घाम पुसून म्हणाल्या, "खिडक्या उघडून ऐका. डास चावले तर वर या. सात वाजता मशीन बंद करत जाईन मी."

जानेवारीत शेवटच्या टाकीचा दिवस नेमका गुरुवारी आला. आईंना डॉक्टरांना दाखवायला नेरूळला आणलं होतं, त्यांना परत सोडायचं होतं. आई पुढे बसल्या, ताई स्टिअरिंगवर. सुधीररावांनी रजा टाकली होती, ते मागे बसले, निखिलच्या जागी, आणि पुढे झुकून माझ्याकडे बघत होते. गेल्या दोन गुरुवारी कंटेनरच्या रांगेत तास तास गेला होता, त्याची मला धास्ती होती.

नळी कट झाली. नंदिनी म्हणाली, "बावीस पूर्णांक चार लिटर. राउंड फिगर करू का, काका?"

"नको," सुधीरराव म्हणाले. "पहिल्या कटला थांबायचं."

माझ्यावर तीनशे चौतीस उमटायला थोडंसं कमी होतं. तीनशे तेहेतीस पूर्णांक आठ. ताईंनी भागाकार केला, मग पुन्हा केला.

"चौदा पूर्णांक नऊ," त्या म्हणाल्या.

आईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "निघूया ना? साडेपाचची लाँच चुकेल."

सुधीरराव हळूच म्हणाले, "पंधरा धर की वैजू. राउंड फिगर."

"नाही." ताईंनी डायरीत लिहिलं, ठळक, खाडाखोड न करता: चौदा पूर्णांक नऊ.

सुधीररावांनी मागून हात पुढे केला. डायरी घेतली, पेन घेतलं. त्या आकड्याच्या खाली त्यांनी काहीतरी लिहिलं आणि डायरी परत दिली. ताईंनी ते वाचलं. मला काचेतून उलटं दिसत होतं, पण अक्षर मोठं होतं. "पासिंगला शुक्रवारी नेणे. गुरुवारी आईंना बंदर."

ताईंनी डायरी पर्समध्ये ठेवली. नाक ओढलं. मग त्यांचं बोट माझ्या बटणावर आलं.

"हे काय दाबतेस?" आईंनी विचारलं.

"शून्य करते, आई. परत पहिल्यापासून."

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीतही माझा कोणी भाऊबंद असेल. आता तो चकचकीत पडद्यावर असतो म्हणे, ॲव्हरेजसुद्धा तो स्वतःच काढतो. तरी कधीतरी त्याला शून्य करा आणि टाकी फुल करून स्वतः भागाकार करून बघा. चाकांत हवा भरा, डिकीतला पाटा ज्याचा त्याला पोचवा, आणि गाडी उभी असली तर इंजिन बंद करा. आकडा कमी आला तर कमीच लिहा. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही बंदरावर पोचलो, ताईंनी चारही काचा खाली केल्या, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. रेडिओ हळू लागला होता. लाँच सात मिनिटं उशिरा आली. माझ्यावर पस्तीस किलोमीटर झाले होते आणि लाँच थांबेपर्यंत तेवढेच राहिले; शेजारच्या काट्यालाही घाम फुटला नाही.