होयबा मुकादम

लॉन्ड्रीतल्या मुकादमाला सगळे होयबा म्हणायचे, आणि तेही तोंडावर. मालकाने नुसतं ऊन पडलंय म्हणावं, की हा भर पावसात छत्री मिटणार! लोक पोट धरून हसत. त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट आपला स्वभाव गरीब आहे, अशीच त्याची समजूत. अरे बाबा, गरीब स्वभावाचा माणूस निदान घरी जाऊन चरफडतो. होयबाला तेही सुचत नाही.

चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या मशीनच्या तोंडाशी एक दांडी होती. हात फार पुढे गेला की ती दाबली जायची आणि तापलेले रूळ जागच्या जागी थांबायचे. मालकाच्या मते मशीन उगाचच थांबत होतं. दांडी बांधून टाक, तो म्हणाला. मुकादमाने होय म्हणून ती तारेने आवळली. त्या मशीनवर त्याचा सख्खा धाकटा भाऊ कामाला होता. तरी आवळली. काय म्हणावं या माणसाला!

आठवडाभरात धाकट्याचा उजवा हात रुळांत गेला.

चौकशीला सरकारी साहेब आले. दांडी कामगारानेच बांधली असं ठरलं, तर धाकट्याची नोकरीही जाणार होती आणि भरपाईही. सकाळी धाकट्याच्या बायकोने मुकादमाचे पाय धरले होते. भाऊजी, घडलं तेवढंच सांगा, बाकी काही नको. मालकाने बांधायला लावली, मालकाने बांधायला लावली, असं तो वाटभर घोकत आला होता.

साहेबांनी काही विचारायच्या आत मालक हळहळला. "पोराने स्वतःच बांधली हो दांडी. काय मुकादम?"

"होय."

बोलून गेल्यावर त्याला कळलं. त्याचे ओठ हलले, पण साहेब लिहून मोकळे झाले होते. मालकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि चहा मागवला. तो चहाही त्याने प्यायला.

संध्याकाळी तो हॉस्पिटलात गेला. धाकटा उशीला टेकून बसला होता. बँडेजकडे मुकादमाला बघवेना.

"दादा, खरं सांगितलंस ना?"

"होय," मुकादम म्हणाला.

धाकट्याचा जीव भांड्यात पडला. डाव्या हाताने त्याने दादाचा हात घट्ट धरला आणि तसाच झोपी गेला.