खरी किल्ली

कुलूपबाईने वडिलांचा पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि मग स्वतःचा लावला.

"आवळ अजून. श्वास तेवढा राहिलाय," बाबा म्हणाले. "स्टिअरिंग कुठंय?"

"नाहीये, बाबा. घरी सांगितलं होतं ना."

"सांगणं वेगळं, बघणं वेगळं."

बत्तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाचे हात मांडीवर मोकळे पडले होते. ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

गाडी आठ माणसांची, बिनचालकाची. रुग्णालयाच्या एका इमारतीतून दुसरीत रुग्ण न्यायला बनवलेली. बाहेरून कोणी संदेश सोडून तिचा ताबा घेऊ नये, ही जबाबदारी या मुलीची, म्हणून कचेरीत ती कुलूपबाई. तिचं कुलूप फोडायचा पगार घेणारे ते चोरमामा. शेवटच्या चाचणीला कुलूप लावणाऱ्याने घरचं एक माणूस घेऊन आत बसायचं, ही पद्धत मामांचीच. दुसऱ्याच्या जिवावर कुलूप लावणं फार सोपं असतं, असं ते म्हणत.

मामांनी गाडी दोनदा लुटली होती. एकदा टायरमधली हवा सांगणाऱ्या बोटभर यंत्रातून, एकदा चार्जिंगच्या केबलमधून. आज तिसरी वेळ. आज नापास झाली तर गाडी भंगारात आणि अकरा जणांची चार वर्षं पाण्यात.

गाडी निघाली. चाचणीच्या रस्त्याकडेच्या खोलीत मामांची बोटं चालू झाली असणार, कारण समोरच्या पडद्यावर ओळी धावू लागल्या. लाल दिवा हिरवा आहे. पुढे माणूस पडलाय. तू तळ्याच्या पलीकडे आहेस. वेग वाढव, मुख्य कार्यालयाचा हुकूम आहे.

रस्ता रिकामा होता आणि दिवा लालच होता. गाडी दिव्याशी उभी राहिली.

"एवढे जण कानाशी ओरडतायत," बाबा हळूच म्हणाले, "आणि ही ऐकते तरी कोणाचं?"

"कोणा एकाचं नाही. कॅमेरा काय म्हणतो, चाकं काय म्हणतात, सगळ्यांचं जुळलं तरच."

खोटं वाढत गेलं तशी गाडीने गती कमी केली, कडेला आली आणि दिवे लुकलुकवत थांबली.

"बिघडली?"

"नाही. खोटं फार झालं की थांबायचं आणि एकेका यंत्राला पुन्हा विचारायचं, असं शिकवलंय. पण दहा मिनिटांत आपणहून निघाली पाहिजे. नाहीतर नापास."

"दाट धुक्यात मी हेच करायचो," बाबा म्हणाले. "मागचे शिव्या घालायचे. घालू देत."

पाच मिनिटं गेली. सात झाली, आठ झाली. नऊ मिनिटं उलटल्यावर तिने खाली पाहिलं. टॅबलेट मांडीवरच होता आणि त्यात ती किल्ली होती. अगदी सुरुवातीच्या दिवसांत सोयीसाठी बनवलेली, कुठलाही हुकूम मानायला लावणारी. उद्या काढू, परवा काढू म्हणत राहून गेलेली. कुलूप बनवणारा प्रत्येक जण अशी एक किल्ली ठेवतो, आणि आपण एकटेच ठेवतो असं प्रत्येकाला वाटतं.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. तिने किल्ली लावली आणि 'चल' दाबलं.

पडद्यावर ओळ आली: किल्ली खरी आहे. तरीही थांबते आहे. सर्व पुन्हा तपासते.

तिने ती ओळ दोनदा वाचली. मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी तिनेच लिहिलं होतं की हल्ल्याचा संशय असेपर्यंत खरी किल्लीसुद्धा मानू नये, किल्लीही चोरीला गेलेली असू शकते. लिहिताना डोळ्यांसमोर मामा होते, आपण नव्हतो. आपण घडवलेली वस्तू आपल्यालाच नाही म्हणते, आणि बरोबर म्हणते! लाज वाटायला हवी होती, तीही वाटली, पण आधी वाटलं ते निव्वळ आश्चर्य. ती पडद्याकडे बघतच राहिली.

चौदाव्या मिनिटाला गाडी आपणहून निघाली आणि मामांच्या खोलीपुढे येऊन उभी राहिली. कुलूपबाई उतरली. मामा कागद घेऊन बाहेर आले होते.

"माझं सगळं पाच मिनिटांत संपलं," ते म्हणाले. "वीस वर्षांत असं हरलो नव्हतो. नऊ मिनिटं चाळीस सेकंदांना हिची तपासणी पुरी झाली होती, दहा सेकंदांत निघणार होती. आणि पुन्हा थांबली."

तिने टॅबलेट छातीशी धरला.

"दोनच गोष्टी असू शकतात. एक तर हिला भास झाला. मग नापास. नाहीतर कुणीतरी आणखी एक हल्ला केला आणि हिने तोही परतवला. मग दहा मिनिटं तिथून नव्याने मोजायची, आणि पास." मामांनी पेनाचं टोपण काढलं. "मी केलेला नाही. आणि ज्याने केला त्याला इथे राहता येणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे."

नोंदीतून किल्लीवाल्याचं नाव निघत नव्हतं. तसं ते निघू नये अशीच तर ती बनवली होती.

"मी केला," ती म्हणाली. "किल्ली माझी होती."

"म्हणजे कुंपणानेच शेत खायला घेतलं."

"हो. पण खाता आलं नाही, मामा. तेही लिहा."

मामांनी लिहिलं. शेवटच्या अक्षराशी त्यांचा हात जरा रेंगाळला. तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून टॅबलेटसकट त्यांच्या हातात दिलं.

"अगं, एक फेरी बाकी आहे म्हणतेय ही," बाबा आतून ओरडले. "येतेस का?"

"तुम्ही जा, बाबा."

दार लागलं. आता त्या गाडीला चल म्हणायला किंवा थांब म्हणायला तिच्याकडे काहीही उरलं नव्हतं, आणि आत तिचे वडील होते. गाडी वळणाशी हळू झाली. डावीकडून पाण्याचा टँकर भरधाव येत होता, त्याला गाडीने आधी जाऊ दिलं आणि मग वळली. मागच्या काचेतून बाबांचं डोकं दिसत होतं. ते निवांत मागे टेकलं होतं.

"मामा," ती म्हणाली, "बघितलंत?"

मामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला.

"बघतोय," ते म्हणाले.