बद्रीचा कार्यक्रम

वडवणीच्या स्टँडवर एसटीतून उतरताना बद्रीनाथने तिसऱ्यांदा खिसा चाचपला. मोबाइल होता, चार्जिंग होतं, रेंजही होती. पिंपरीहून निघताना त्याने बायकोला बजावून ठेवलं होतं, की दर दोन तासांनी फोन करीन, नाही आला तर तू कर, आणि मी उचललाच नाही तर... पुढचं त्याने तिला सांगितलं नाही. ऋतुजा म्हणाली होती, "मित्रांना भेटायला चाललात की सीमेवर?"

बद्रीनाथ मुळातच भित्रा. हे त्याला स्वतःला ठाऊक होतं आणि त्याची त्याला लाजही वाटायची. पण आजच्या भीतीला कारण होतं. एकोणीस वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत गावात दगडफेक झाली आणि एका माणसाचा डोळा गेला. पोलिसांनी दहा-बारा पोरं उचलली, त्यात हा. दगड कोणी मारला, एवढंच त्याला विचारलं. अंगाला कोणी बोट लावलं नव्हतं. फौजदाराने नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि याच्या तोंडून नाव निघून गेलं, अमरसिंह. ते का निघालं, तर तेच नाव दिवसभर तोंडात असायचं म्हणून. दोघं शाळेत एका बाकावर, पोहायला एका विहिरीत. अमरसिंह त्या वेळी गावातही नव्हता, आजारी म्हैस घेऊन वडवणीला गेला होता. पण घेतलेलं नाव परत गिळता येत नाही. अकरा महिने तो आत बसला. निर्दोष सुटून आला तोवर बद्रीनाथचं बिऱ्हाड पिंपरीला पोहोचलं होतं, ते पुन्हा इकडे फिरकलं नाही.

अमरसिंह आता मोठा माणूस झाला होता. कुठल्या पक्षाचा म्हणावं तर ज्याची हवा त्याचा, पण तालुक्यात त्याच्या शब्दाला वजन होतं आणि मागेपुढे दोन गाड्या असायच्या. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "गुरुवारी ये बे. लई वर्सं झाली. न्हाई म्हनायचं न्हाई." एवढं बोलून ठेवला. बद्रीनाथ दोन रात्री तळमळला. जायची भीती वाटत होती, न जायची त्याहून जास्त. आणि खरं सांगायचं तर त्याला एकदा माफी मागायची होती. ती मनात इतकी वर्षं कुजत पडली होती.

स्टँडवर लखन मोटारसायकल घेऊन उभा होता. लखन म्हणजे या दोघांबरोबरचा तिसरा, शाळेत असताना बडबड्या. आज मात्र त्याने नुसती किक मारली.

"आधी आमच्या गल्लीत जाऊ," बद्रीनाथ म्हणाला. "घर बघतो जुनं."

"न्हाई. सरळ आखाड्यावर आनायला सांगितलंय अमरभौनी."

आखाडा म्हणजे अमरसिंहचं शेतातलं घर. गावापासून दोन किलोमीटरवर, टेकडीच्या पायथ्याशी, आणि टेकडीवर पिराचा दर्गा. वाटेत बद्रीनाथने दोनदा विचारलं, आज काय आहे तिकडे? लखनने मान वळवली नाही. "कार्यक्रम हाय," म्हणाला.

आता कार्यक्रम हा शब्द आपल्याकडे कसा वापरतात, हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. मुलगी बघणं हा कार्यक्रम, बारसं हा कार्यक्रम, आमदाराचा सत्कार हा कार्यक्रम. आणि एखाद्याला गाडीत घालून नेऊन त्याचे हातपाय मोडले, तर त्याचाही कार्यक्रमच केला म्हणतात. बद्रीनाथ एकोणीस वर्षं बाहेर होता, पण शब्द विसरला नव्हता. मोटारसायकलवर बसल्या बसल्या त्याने पुन्हा खिसा चाचपला.

अमरसिंहने त्याला दारातच मिठी मारली. मिठी लांबली. पांढरे कपडे, अंगाला अत्तर, पाठीवर जाडजूड हात. बद्रीनाथने माफीचं वाक्य एसटीत पाठ केलं होतं. ते बोलायच्या आतच अमरसिंह त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "आलास. मला वाटलं येतूस का न्हाई."

अमरसिंहच्या आईने, छबुबाईने, त्याला जवळ बसवून भाकरी वाढली. त्याला नको होती. तिने स्वतःच्या हाताने घास भरवला आणि भरवता भरवता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"माय, कावून रडती?" त्याने विचारलं.

"काय न्हाई लेकरा. खा," ती म्हणाली आणि पदर लावून आत गेली.

मग त्याला बाजेवर आडवं केलं, घटकाभर पड म्हणून. झोप कुठली यायला. त्याने मोबाइल काढला तर रेंज गेलेली. भिंतीपलीकडून बोलणं ऐकू येत होतं. एक आवाज अमरसिंहचा होता, दुसरा लखनचा.

"बद्रीचं आता उरकून टाका," अमरसिंह म्हणत होता. "उगं ऊन चढू देऊ नका. दर्ग्याच्या मागं चर खांदलाय न्हवं?"

"सकाळीच. चांगला लांब खांदलाय. म्हाळू येतोय वर."

"म्हातारीच्या म्होरं नगं. लई माया लागली तिला. हातानं चारलंय तिनं."

"आन् हे बद्रीभौ..." लखन काहीतरी म्हणाला, ते वाऱ्याने गेलं.

"आधी कळू द्यायचं न्हाई. अजिबात. कळलं तर सगळंच फुकट जाईल."

बाजेची सुतळी बद्रीनाथने मुठीत धरली आणि ती सोडायचं त्याला सुचेना. पळावं तर चहूकडे उघडं रान, फाटकाशी दोन गाड्या, गाड्यांपाशी चार माणसं. ऋतुजा आठवली. तिला शेवटचं काय बोललो तेही आठवेना. तो मेल्यासारखा पडून राहिला, घामाने शर्ट पाठीला चिकटला, आणि मोबाइलवर रेंजची एक रेघ काही उमटेना.

एक वाजून गेल्यावर अमरसिंह आला. "चल, वर दर्ग्याकडं जाऊ."

"मी... मला जरा बरं वाटत नाही."

"चल बे." अमरसिंहने त्याचा दंड धरून उठवलं.

टेकडीची वाट चढताना लखन पुढे, अमरसिंह मागे, मधे हा. अर्ध्या वाटेवर खिशातला मोबाइल वाजला, मेसेजांवर मेसेज. रेंज आली होती. "लघवीला जाऊन येतो," म्हणून तो बाभळीमागे गेला, पोलिसांचा एकशे बारा लावला आणि दबक्या आवाजात सगळं सांगून टाकलं. गाव, टेकडी, खणलेला चर. नाव विचारलं तेव्हा स्वतःचं सांगितलं. कोण मारणार, विचारलं तेव्हा अमरसिंहचं.

वर पोचला तर दर्ग्याच्या मागे निम्मं गाव बसलेलं. चर खरंच खणलेला होता. चांगला लांब. त्यात लाकडं पेटलेली आणि वर ओळीने तीन मोठी पातेली रटरटत होती. मटणाचा वास सुटला होता. रामहरी आचारी घामाघूम होऊन पळी फिरवत होता. बायका भाकरी थापत होत्या, आणि छबुबाई काठी टेकत, धापा टाकत याच्याचकडे येत होती.

"आता सांगते," ती म्हणाली. "करोनात तू दवाखान्यात पडलास, नळ्या लावल्यात म्हून लखन सांगत आलता. ह्यो अमर दोन दिस जेवला न्हाई. मग ह्याच पिराला बोलली मी, बद्री वाचू दे, कंदुरी करीन. तुझ्या नावानं बोकड सोडलं. म्हाळू धनगराच्या कळपात ऱ्हायचं, पर चारलं मी. बद्रीच म्हनायचो त्याला सगळे. नवस फिटंस्तवर ज्याच्या नावाचा त्याला सांगत न्हाईत, न्हाईतर लागत न्हाई. सकाळी तुला चारताना त्याचीच याद आली बग, म्हून रडू आलं."

क्षणभर बद्रीनाथला नुसतं हलकं वाटलं, इतकं, की हसूच आलं. मग बाभळीमागचा फोन आठवला आणि हसू गेलं. त्याने घाईघाईने मोबाइल काढला. चुकून झालं म्हणून सांगावं, येऊ नका म्हणावं. बोट नंबरावर ठेवलं आणि त्याला खालच्या रस्त्यावर धुरळा दिसला. गस्तीवरची पोलिसांची गाडी होती.

चारशे माणसांच्या पंगतीत जमादार उतरला. अमरसिंहला बघून तो जरा घुटमळला, तरी बोलला. "इथनं फोन आलाय. तुम्ही बद्रीनाथ नावाच्या मानसाला मारून पुरनार हाय म्हून. कुठंय बद्री?"

मग पातेल्यापासून रामहरी म्हणाला, "बद्री तर कवाच शिजला साहेब." आणि सगळी टेकडी हसली. म्हातारे हसले, बायका पदराआडून हसल्या, लखन तर पोट धरून खाली बसला. जमादाराबरोबरचा शिपाईही हसला.

अमरसिंह हसला नाही. त्याने बद्रीनाथच्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"कुनी केला फोन?" जमादाराने पुन्हा विचारलं.

नाही म्हणायचं अगदी जिभेवर आलं होतं. "मी केला," बद्रीनाथ म्हणाला. "माझं चुकलं, साहेब."

हसू ओळीओळीने विझत गेलं. अमरसिंहने जमादाराला हात जोडले, जेवून जा म्हणाला, आणि मग बद्रीनाथजवळ येऊन उभा राहिला. त्याने आवाज चढवला नाही.

"त्या टायमाला तू भेलतास," तो म्हणाला. "पोरगं होतास. भेलेलं पोरगं कुनाचंबी नाव घेतं. मी जेलात बसून हेच म्हनायचो, आन् सोडून दिलं. पर आज बे? माज्या माईच्या हातचं खाऊन?"

बद्रीनाथला माफीचं पाठ केलेलं वाक्य आठवलं. ते एकोणीस वर्षांपूर्वीच्या चुकीचं होतं. आजच्यासाठी त्याच्याकडे काहीच नव्हतं.

"बसा दोघं," छबुबाई म्हणाली. तिने पत्रावळ आणून पंगतीच्या तोंडाशी ठेवली. त्यावर भाकरी कुस्करली, वरून रस्सा ओतला. नवसाच्या पंगतीत ज्याच्या नावाचा नवस त्याने पहिला घास घ्यायचा असतो, तोवर कोणी हात घालत नाही. चारशे माणसं पुढ्यात अन्न घेऊन त्याच्याकडे बघत बसली होती. पोरं चुळबुळ करत होती.

अमरसिंह त्याच्या शेजारी बसला नाही. तो पातेल्यांकडे गेला, रामहरीच्या हातून बादली घेतली आणि पाठमोरा उभा राहून रस्सा भरू लागला.

"खा लेकरा," छबुबाई म्हणाली. "लोकं खोळंबलीत."

बद्रीनाथने घास उचलला.